आई 'नीळ्ळू' म्हणते, मावशी निळी साडी आणतात

पूर्वभागकर
आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, गिऱ्हाइकाशी वेळ पडली तर कन्नडही. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. पाच वर्षांपूर्वी विसरायला लागली, मग हळूहळू तिची मराठी गेली आणि माहेरची तेलुगू तेवढी उरली. मार्चपासून ती एका वृद्धाश्रमात आहे. नाव सांगणार नाही, विचारू नका.

परवा गेलो तर तिथे काम करणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "आजी सारखी निळी साडी मागतात." आई म्हणत होती, नीळ्ळू. म्हणजे पाणी. साडी दोनदा बदलली होती आणि ओठ वाळून गेले होते.

आश्रमात ठेवल्याची मला लाज नाही. ठेवताना खाट पाहिली, संडास पाहिला, महिन्याचे पैसे ठरवले. इथे तेलुगू कुणाला येतं का, एवढं विचारलं नाही, त्याची आहे. फॉर्मवर शुगर, बीपी, दोन फोन नंबर असं सगळं होतं, मातृभाषेचा रकाना नव्हता. सोलापुरात!

हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे, म्हणजे या विसरण्याच्या आजाराचे, ६४८ रुग्ण तपासले होते, २०१३ साली ते छापून आलं. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतसुद्धा. म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकाच की त्या. भाषा एवढी कामाची असेल, तर आजार झाल्यावर तिला कुणी का विचारत नाही?

सातरस्ता
एवढं कळायलंय तर घरी ठेव की बे. घरात सगळ्यांना तेलुगू येतं. आईला बाहेर टाकून वर हैदराबादचा अभ्यास सांगायलास.

धाकटी सून
@सातरस्ता, घरी ठेव म्हणजे कुणी बघायचं ते पण लिहा. सासूबाईंचं सहा वर्षं मी केलं. रात्री तीनला कडी काढून "गड्ड्याला जायचंय" म्हणून निघायच्या, जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, भर मे महिन्यात. माझे दीर फोनवरून रडायचे, आईला जपा म्हणायचे. जपलं. माझी पाठ गेली. भाषा आमची एकच होती हो, तरी शेवटी मला त्या "ही बाई कोण?" म्हणायच्या.

सातरस्ता
ताई, तुम्हाला नाही बोललो. मुलाला बोललो.

धाकटी सून
मुलगा बघणार आहे का? मग सुनेलाच बोललात की.

संशयखोर
भावना समजली, पण साडेचार वर्षांवर इमारत बांधू नका. तो दवाखान्यात आलेल्या रुग्णांचा अभ्यास आहे. निरोगी माणसांचा अनेक वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासांत द्विभाषिकांना असा फायदा ठामपणे दिसलेला नाही. शिवाय लवकर मराठी शिकलेली बाई आणि न शिकलेली बाई यांच्यात इतरही फरक असतात.

मला दुसरीच शंका येते. घरात माग होते का? पॉवरलूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांचे कान जातात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, त्यांत ऐकू न येणं हे एक मोठं. चौदाही आटोक्यात आली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. आईचे कान शेवटचे कधी तपासले?

पूर्वभागकर
खाली चार माग होते, वर आम्ही झोपायचो. कान कधीच तपासले नाहीत. पण 'नीळ्ळू' ऐकायचं काम तिचं नव्हतं, मावशींचं होतं.

रात्रपाळी
मी अशाच एका ठिकाणी काम करते. रात्री आम्ही दोघी आणि खाली चोवीस जण. मी मोहोळची, मला तेलुगू कुठून येणार? तुम्ही येता महिन्यातून एकदा, केळी देता, चूक दाखवता. पाणी, दुखतंय, संडास, भूक, झोप. हे पाच शब्द कागदावर मराठी अक्षरांत लिहून खाटेला चिकटवले असते तर आम्ही वाचले नसते का?

धाकटी सून
हे पटलं. पण हात बांधता ते? मी डोळ्यांनी बघितलंय. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममध्ये सोयीसाठी बांधून ठेवायला बंदी आली. गप्प बसवायला मनोविकाराच्या गोळ्या देतात, त्या डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २००५ लाच दिला. आपल्याकडे विचारलं की "आजी फार त्रास देतात."

रात्रपाळी
बांधलेत, खोटं बोलणार नाही. एक आजोबा सारखी लघवीची नळी ओढायचे. एकीने त्यांच्यापाशी बसायचं तर बाकीच्यांकडे एकटी.

@पूर्वभागकर, तुमच्या आई बोटं सारखी चोळतात का? आमच्याकडे एक विडीवाल्या आजी होत्या, चादरीचे काठ उसवून वळत बसायच्या. त्यांना बांधलं की ओरडायच्या, हातात काही दिलं की शांत.

पूर्वभागकर
चोळते. चादर फाडते म्हणून तक्रार आली होती, मी दंडही भरला. तिचं विड्या वळायचं सूप अजून माळ्यावर आहे. रविवारी नेतो, आत वर्तमानपत्राचे तुकडे घालून. शब्दांचा कागद पण आणतो, मोठ्या अक्षरांत.

रात्रपाळी
वर्तमानपत्र नको, तोंडात घालतात. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे द्या. आणि दोरा नको.