मदत हवी आहे: मॅक्झिमा या गणिती सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्रियेनंतर राउंडिंग

द्वितीय वर्ष बी.एस्सी.ला न्यूटन-रॅफसन पद्धत (समीकरणाचे मूळ पायरीपायरीने काढण्याची) मॅक्झिमावर शिकवताना x³ − 2x − 5 = 0 साठी 2 पासून सुरुवात केली, की 21/10 आणि मग 11761/5615 असे अपूर्णांक येतात व पुढे ते फारच लांबतात. 2.0 घेतल्यास दशांश उत्तर मिळते, पण विद्यार्थी वहीत दर क्रियेला चार दशांश स्थळांपर्यंतच किंमत घेतात, त्यामुळे शेवटचा अंक कधीकधी जुळत नाही आणि नेमका तोच फरक मला त्यांना समजावून द्यायचा आहे. एफपीप्रिंटप्रेक (fpprintprec) या मॅक्झिमातल्या सेटिंगने केवळ छापील अंक कमी होतात. राउंड (round) हे फंक्शन वापरले, तर प्रत्येक पायरीच्या शेवटीच राउंडिंग होते. प्रयोगशाळेत इंटरनेट नाही आणि सॉफ्टवेअर मोफतच हवे. प्रत्येक बेरीज, गुणाकार व भागाकारानंतर राउंडिंग होईल, अशी सोय मॅक्झिमात कशी करावी?