चपखल प्रत्युत्तराने वाद जिंकता येतो. पण मूळ प्रश्नाचे काय?

अन्वयार्थ (चर्चाप्रस्ताव)

राजकीय वादात कोणी प्रतिपक्षाला एका वाक्यात निरुत्तर केले की ते वाक्य वर्षानुवर्षे कौतुकाने सांगितले जाते. मात्र ज्या प्रश्नावर ते उच्चारले गेले त्याचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. हजरजबाबीपणाला आपण सार्वजनिक जीवनात वाजवीपेक्षा फार अधिक मान देतो, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील १९८४ च्या निवडणुकीचे उदाहरण घ्या. पहिल्या जाहीर वादात अडखळलेल्या ७३ वर्षांच्या राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना दुसऱ्या वादात एका पत्रकाराने विचारले, की क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटात केनेडींना कित्येक दिवस धड झोप मिळाली नव्हती; तशा प्रसंगी आपण काम करू शकाल का, याविषयी आपल्या मनात काही शंका आहे का? रेगन यांनी शंका नसल्याचे सांगितले आणि लगोलग, प्रतिस्पर्ध्याचे तारुण्य व अननुभव यांचा आपण राजकीय लाभ उठवणार नाही, असेही जाहीर केले. सभागृहात हशा पिकला, ५६ वर्षांचे प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉण्डेल स्वतःही हसले, आणि रेगन पुढे ४९ राज्ये जिंकले. प्रश्न अण्वस्त्रधारी देशाच्या प्रमुखाच्या कार्यक्षमतेचा होता आणि तो पूर्णपणे रास्त होता. त्या हशानंतर तो पुन्हा गांभीर्याने विचारणे कोणालाही शक्य राहिले नाही, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

मुक्तछंद

आपण निवडलेले उदाहरण आपल्या बाजूचे आहे, म्हणून मी दुसरे देते. १९५४ मध्ये अमेरिकी सैन्य आणि अनेकांवर साम्यवादी असल्याचे आरोप करणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यातील वादाची सुनावणी दूरचित्रवाणीवर दाखवली जात होती. ९ जून रोजी मॅकार्थी यांनी सैन्याचे वकील जोसेफ वेल्च यांच्या कार्यालयातील एका तरुण वकिलावर, तो तेथे उपस्थितही नसताना, साम्यवाद्यांशी संबंध असल्याचा ठपका ठेवला. तेव्हा वेल्च यांनी विचारले, की आपल्याजवळ शालीनतेची काही चाड उरली आहे की नाही? प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटने मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला. केवळ त्या वाक्यामुळे हे घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या माणसासमोर भलेभले गप्प बसत होते, त्याच्याशी पुराव्यांच्या भाषेत बोलण्याचा काही उपयोग राहिला नव्हता, कारण पुराव्यांची त्याला पर्वाच नव्हती. सत्ता ज्याच्या हाती नाही, त्याला भर सभेत अचूक शब्द वापरण्याखेरीज दुसरे साधन असते का?

अन्वयार्थ

वेल्च यांचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते अपवादात्मक आहे, कारण तेथे मॅकार्थींचे वर्तन हाच वादाचा विषय होता. १९८८ च्या उपाध्यक्षपदाच्या वादात काय झाले, ते पाहा. काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, आपला अनुभव जॉन (जॅक) केनेडी अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हाच्या त्यांच्या अनुभवाइतकाच आहे, असे रिपब्लिकन उमेदवार डॅन क्वेल म्हणाले, आणि डेमोक्रॅटिक उमेदवार लॉइड बेन्टसन यांनी उत्तर दिले, ‘सिनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही.’ क्वेल यांची १२ वर्षे आणि केनेडींची १४ वर्षे पाहता मूळ दावा फारसा चुकीचा नव्हता. मात्र त्याची शहानिशा बाजूला राहिली आणि क्वेल यांच्या चेहऱ्यावरील भाव तेवढे लक्षात राहिले. निवडणूक मात्र क्वेल यांच्याच पक्षाने ४० राज्ये घेऊन जिंकली. म्हणजे त्या वाक्याने मतदारांचे प्रबोधन केले नाही आणि बोलणाऱ्याला विजयही मिळवून दिला नाही.

ताळेबंद

व्यवसायातील वादांचा हिशेब वेगळा असतो, कारण तेथे टाळ्यांपेक्षा खर्च महत्त्वाचा ठरतो. साउथवेस्ट या विमान कंपनीने जाहिरातीत वापरलेले घोषवाक्य स्टीव्हन्स एव्हिएशन आधीपासून वापरत असलेल्या घोषवाक्याशी जवळजवळ जुळत होते. स्टीव्हन्सने खटला भरण्याऐवजी दोन्ही प्रमुखांनी पंजा लढवून निकाल लावावा, असे आव्हान दिले. मार्च १९९२ मध्ये डॅलसमध्ये ही लढत झाली, साउथवेस्टचे हर्ब केलेहर हरले, आणि तरीही स्टीव्हन्सने त्यांना घोषवाक्य वापरू दिले. वकिलांवरचा खर्च वाचला आणि दोघांनाही प्रसिद्धी मिळाली. खिलाडूवृत्तीचे प्रत्युत्तर समोरच्याला माघार घेण्यासाठी सन्मानाची वाट ठेवते, आणि ज्यांना उद्या त्याच बाजारात एकमेकांशी व्यवहार करायचे असतात त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

याउलट आयबीएमने १९८१ मध्ये वैयक्तिक संगणक आणला, तेव्हा ॲपलने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन ‘आयबीएमचे स्वागत’ केले. पुढील काही वर्षांत आयबीएम विक्रीत ॲपलच्या पुढे गेली. ऐटबाज जाहिरातीने बाजारातील स्थान राखता येत नाही, हे मी अन्वयार्थ यांच्या बाजूने नोंदवतो.

मुक्तछंद

आपण दोघेही प्रत्युत्तराला निकालावर तोलत आहात, ते मला पटत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारवरील पहिल्या अविश्वास ठरावाच्या चर्चेत राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सांगितले, की २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. लोहिया आपल्या आकड्यावरून हटले नाहीत. ठराव फेटाळला गेला, पण पुढील चर्चेत नियोजनमंत्र्यांना साडेसात आण्यांपर्यंत खाली यावे लागले. मतदानात हरूनही त्या तीन आण्यांच्या आरोपाने सरकारला आपला आकडा पुन्हा तपासायला लावले.

अन्वयार्थ

लोहियांच्या त्या वाक्यामागे आकडेमोड होती आणि समोरच्याने ती खोडून दाखवावी, असे उघड आव्हान होते, म्हणून त्याने चर्चा थांबवली नाही, उलट पुढे नेली. रेगन आणि बेन्टसन यांच्या वाक्यांत खोडून काढण्यासारखे काहीच नव्हते, आणि आपण ज्यांचे कौतुक करतो ती बहुतेक वाक्ये याच जातीची असतात. लोहियांच्या जातीची आणखी उदाहरणे आपण दिलीत, तर माझ्या मूळ विधानातील ‘हजरजबाबीपणा’ची व्याप्ती कमी करायला मी तयार आहे, ते विधान मागे घेण्याचे कारण मात्र मला अजून दिसत नाही.