स्लीव्ह सर्जरीनंतर उताणं झोपवत नाही, रात्र कशी काढायची?

पालथी_झोपणारी:
मागच्या आठवड्यात माझी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करायची सर्जरी झाली, दुर्बिणीतून. ऑपरेशन नीट झालंय, ताकाची निवळी, डाळीचं पाणी घोट घोट जातंय, त्याची काही तक्रार नाही. प्रश्न झोपेचा आहे. मी लहानपणापासून पालथी झोपणारी, ते आता बंद, उताणं पडलं की घशाशी आंबट येतं आणि कुशीवर वळावं तर टाक्यांपाशी असं ओढतं की नको वाटतं. त्यात उजवा खांदा दुखतोय. ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का दुखावा? आई म्हणते उशी चुकली असेल. ज्यांचं झालंय त्यांनी प्लीज सांगा, कसे झोपत होतात?

कोल्हापूरची_ताई:
अगं सपाट झोपूच नकोस आत्ता. माझी पण स्लीव्हच झाली आणि सुरुवातीला मी जवळजवळ बसूनच झोपायचे. पण नुसत्या डोक्याखाली उशा रचू नकोस, त्याने मान दुमडते आणि पोट दबतं, उतार कंबरेपासून वर हवा, साधारण ३० ते ४५ अंश. सर्जिकलच्या दुकानात बॅकरेस्ट भाड्याने मिळतो, नाहीतर भिंतीला लोड लाव आणि त्यावर दोन उशा उतरत्या ठेव. गुडघ्याखाली गोधडीची वळकटी घे म्हणजे पोटाची कातडी सैल पडते, ओढ लगेच कमी होते बघ. फक्त पाय तसेच गच्च ठेवून रात्रभर पडू नकोस, जाग आली की पावलं वर-खाली हलव.

घशाशी येण्याचं म्हणशील तर स्लीव्हमध्ये जठराचा ७५-८० टक्के भाग काढतात, उरते ती बारीक नळी, तिच्यात दाब वाढतो म्हणून वर येतं. झोपायच्या आधी तासभर तरी घोट बंद कर. कुशीवर यायचंच झालं तर डाव्या, त्या बाजूला जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. पूर्ण वळायची पण गरज नाही, पाठीमागे एक उशी खोचायची आणि जेमतेम पाव वळायचं, एक उशी पोटाशी धरायची, एक गुडघ्यांच्या मध्ये. मला पहिली सलग झोप अशीच लागली.

बायकोचा_नाईट_ड्यूटीवाला:
माझ्या मिसेसचं मिनी बायपास झालं होतं (हृदयाचं नाही, वजनासाठीचं पोटाचं), मी रात्री सोबतीला असायचो म्हणून सांगतो, झोपण्याइतकंच उठणं महत्त्वाचं आहे. खाली गादी घातली असेल तर आजच खाटेवर जा, जमिनीवरून उठताना सगळा ताण पोटावर येतो. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, मग खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि खालच्या कोपराने रेटा देऊन बसायचं. घरचे मदत म्हणून हात धरून ओढतात, त्यांना ओढू देऊ नका, पाठीला आधार द्यायला सांगा. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट दाबून खोका. आणि पाणी, फोन, औषध हाताशी ठेवा, मागे वळून काही घ्यावं लागलं की टाके ओढलेच म्हणून समजा.

वॉर्डातली_सिस्टर:
मी सर्जरी वॉर्डला काम करते. खांद्याचं कारण उशी नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा, चिडतं, आणि तिथली नस मानेतून येते म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. बरेच पेशंट ओवा, सोडा मागतात पण हा गॅस आतड्याच्या बाहेर असतो, ओव्याने जाणार नाही. तो अंगात शोषला जातो, थोडं थोडं चालत राहा. आठवडा झालाय म्हणजे दुखणं उतरायला हवं. ते वाढत असेल, ताप असेल, धाप लागत असेल, नाडी १२० च्या वर राहत असेल किंवा एक पोटरी सुजून दुखत असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच तुमच्या सर्जनना फोन करा. लीक (जठराच्या शिवणीतून गळती) किंवा रक्ताची गुठळी असू शकते.

दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लाम, डायक्लो असलं मनाने घेऊ नका, आणि झोपेची गोळी तर अजिबात नाही. घोरण्यासाठी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन) लावत असाल तर वजन उतरायला लागलं म्हणून ते स्वतःहून बंद करू नका.

पालथी_झोपणारी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. ताप नाही, पोटऱ्या ठीक आहेत, खांदा कालपेक्षा कमीच आहे. ताई, लोड आणि वळकटीने फरक पडला हो, आंबट आलं नाही. आता एकच, पालथं कधी झोपता येईल?

कोल्हापूरची_ताई:
मला महिन्यानंतर परवानगी मिळाली, पण प्रत्येकाचं वेगळं असतं. ज्या भोकातून जठराचा तुकडा बाहेर काढतात ते जरा मोठं असतं, तेच शेवटपर्यंत टोचतं. फॉलोअपला जाशील तेव्हा टाके दाखवून विचार, आणि आंबट पुन्हा यायला लागलं तर तेही सांग, ॲसिडिटीच्या गोळीचा डोस ते बघतील.