मदत हवी आहे: पायऱ्या पाठ झाल्या, पण विद्यार्थी सराईत होत नाहीत

नमस्कार.

मी आठवीला विज्ञान शिकवते आणि आठवड्यातल्या दोन तासिकांना मुलांना संगणक कक्षात नेते. तुकडीत ४२ मुले आहेत, चालू स्थितीतले संगणक २१ आहेत आणि तासिका ४० मिनिटांची आहे. त्यातली पहिली पाच मिनिटे पासवर्ड आठवण्यात जातात. मुलांनी पंधरा दिवस रोपांची उंची मोजली होती. त्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरून सरासरी काढायची आणि आलेख तयार करायचा, एवढे काम होते. त्यासाठी मी चित्रांसह अकरा पायऱ्यांची कृतिपत्रिका दिली होती आणि तीन आठवडे सगळे सुरळीत चालले होते.

चौथ्या आठवड्यात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. आलेखाचे बटण एका मेनूतून शेजारच्या मेनूत गेले आणि त्याचे चित्रही बदलले. एवढ्याने संपूर्ण वर्ग थांबला. शेजारचा मेनू उघडून पाहावा किंवा मदतीच्या चौकटीत ‘आलेख’ असे टंकून पाहावे, हे एकालाही सुचले नाही. एक मुलगा उठून मला म्हणाला, “मॅडम, सातवी पायरी चुकली आहे.” त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले, कारण त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. मी त्याला पायऱ्या शिकवल्या होत्या आणि त्या त्याने चोख पाळल्या होत्या.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. काही जोड्यांनी उंचीच्या रकान्यात कुठे नुसते ‘१२’, तर कुठे ‘१२ सेमी’ असे लिहिले होते. एकक जोडले की स्प्रेडशीट ती नोंद मजकूर समजते आणि सरासरी काढताना मुकाट्याने वगळते. त्यामुळे उत्तर येते, नीटनेटके दिसते आणि चुकीचे असते. एका जोडीची सरासरी पंधरापैकी फक्त सहा नोंदींवर निघाली होती, तरी त्या दोघांनी ती समाधानाने वहीत उतरवून घेतली.

हीच मुले मोबाइलवर माझ्या दुप्पट वेगाने काम करतात. मात्र फाइल कुठे ठेवली असे विचारले, तर उत्तर ‘संगणकात’ असे येते. ही केवळ माझ्या वर्गाची गत नाही, हे मला ठाऊक आहे. आठवीच्याच विद्यार्थ्यांची संगणकीय व माहितीविषयक साक्षरता तपासणाऱ्या आयसीआयएलएस या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली सर्वोच्च पातळी गाठणारे विद्यार्थी सरासरी २ टक्के होते, तर १८ टक्के विद्यार्थी सर्वांत खालच्या पातळीपर्यंतही पोहोचले नव्हते. उपकरणांच्या सहवासात वाढल्याने हे कौशल्य आपोआप येत नाही, असाच त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

मला अपेक्षित असलेल्या गुणाला मी ‘सराईतपणा’ म्हणते, कारण ‘साक्षरता’ हा शब्द अपुरा पडतो. स्क्रॅच ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणाऱ्या गटाचे प्रमुख मिचेल रेझनिक यांनी इथे परक्या भाषेची उपमा दिली आहे: उपाहारगृहातले पदार्थ वाचण्यापुरती आणि रस्ता विचारण्यापुरती वाक्ये पाठ असलेल्या माणसाला ती भाषा येते, असे आपण म्हणत नाही. माझी कृतिपत्रिका म्हणजे तशीच पाठ वाक्यांची पुस्तिका होती.

म्हणून मी एकदा कृतिपत्रिका पूर्णपणे काढून घेतली. तो प्रयोग फसला. चार-पाच मुले झपाट्याने पुढे गेली, उरलेल्यांनी त्यांच्या पडद्यावरून उतरवून घेतले आणि बहुतेक जोड्यांमध्ये माउस तासभर एकाच हातात राहिला. माझे प्रश्न दोन आहेत. दुबळ्या मुलांना वाऱ्यावर न सोडता पायऱ्यांचा आधार कसा कमी करत न्यावा? आणि मूल सराईत झाले आहे की त्याने एका प्रोग्रॅममधल्या कळा लक्षात ठेवल्या आहेत, हे तपासायचे कसे? कक्षात आणखी संगणक येण्याची शक्यता नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नये.

प्रतिसाद १

मॅडम, आपण एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेलात, एवढेच झाले आहे. नवशिक्याला पूर्ण सोडवलेले उदाहरण समोर लागते; ते नसेल, तर त्याची सारी शक्ती बटणे शोधण्यातच खर्च होते आणि मूळ विषयासाठी काही उरत नाही. जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात मांडलेला आकलनभाराचा सिद्धान्त हेच सांगतो. परंतु तोच आधार सरावलेल्या विद्यार्थ्याला अडथळा ठरतो, म्हणून तो टप्प्याटप्प्याने काढायचा असतो, आणि माझ्या अनुभवात शेवटाकडून काढलेला बरा. पहिल्या वेळी अकराही पायऱ्या द्याव्यात. दुसऱ्या वेळी शेवटच्या तीन कोऱ्या ठेवून तिथे फक्त तयार आलेखाचे चित्र छापावे. तिसऱ्या वेळी सहा कोऱ्या ठेवाव्यात. मूल दर वेळी ओळखीच्या वाटेने निघते आणि अनोळखी भाग मुक्कामाजवळ येतो, त्यामुळे ते घाबरत नाही.

शिवाय पायरीची भाषा बदलावी. ‘वरच्या तिसऱ्या बटणावर क्लिक करा’ हे वाक्य पुढच्या आवृत्तीत मरते. ‘या दोन रकान्यांतला संबंध चित्रात दाखवा’ हे टिकते. ही दुरुस्ती दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या वर्गात सर्वाधिक फरक तिनेच पडला.

प्रतिसाद २

मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापुरतेच लिहितो. नवा प्रोग्रॅम उघडल्यावर बटणे कुठे आहेत हे मलाही माहीत नसते. अशा प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये काय काय असायलाच हवे, एवढे मात्र मला माहीत असते, आणि मी ते शोधत जातो. तेव्हा संगणक सुरू करण्यापूर्वीच मुलांना विचारून पाहावे की, पंधरा दिवसांच्या नोंदींचा आलेख काढायचा असेल तर प्रोग्रॅमला तुमच्याकडून काय समजले पाहिजे? कोणता रकाना आडव्या अक्षावर घ्यायचा, कोणता उभ्या, नोंदी कुठे संपतात, एकक कोणते. ज्याला हे सांगता येते, त्याला बटण हलल्याने फारसा फरक पडत नाही. परीक्षेत तेच काम मुलांनी कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये द्यावे. विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क त्यासाठी पुरेसे आहे.

आपल्याला सापडलेली ‘१२ सेमी’ची चूक वाया घालवू नका. ती मुद्दाम पेरलेली फाइल द्या आणि सरासरी का चुकते ते शोधायला सांगा. खूण पडद्यावरच असते: कुणी मांडणी बदललेली नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या कडेला.

प्रतिसाद ३

एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. पायऱ्यांचा हा रोग फक्त स्प्रेडशीटपुरता नाही. संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का हे ठरवण्यासाठी आपण शाळांमधून जी यादी देतो, म्हणजे पत्ता डॉट ओआरजीने संपतो का, ‘आमच्याविषयी’ हे पान आहे का, तारीख दिली आहे का, तीही अकरा पायऱ्यांचीच बहीण आहे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातले २५ विद्यार्थी अनोळखी संकेतस्थळे पारखत होते. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी अनेकदा त्याच पानावर वरखाली फिरत राहिले आणि देखण्या बोधचिन्हांना फसले. तपासनीस मात्र लवकरच पान सोडून नव्या टॅबमध्ये त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहू लागले. आपल्या ‘शेजारचा मेनू उघडून पाहावा’ या अपेक्षेमागेही हीच सवय आहे.

धागाकर्ती

तिघांचेही आभार. दुसऱ्या प्रतिसादाप्रमाणे चूक पेरलेली फाइल मी या आठवड्यात दिली, आणि पाटी बदलावी तसा दर सात मिनिटांनी माउस बदलायला लावला. २१ जोड्यांपैकी आठ जोड्यांना चूक सापडली. एका जोडीने सरासरी आधी हाताने काढून पडद्यावरच्या उत्तराशी ताडून पाहिली. हे मी सांगितले नव्हते. तीन जोड्यांनी मात्र ‘फाइल खराब आहे, दुसरी द्या’ असे सांगून हात वर केले. ताडून पाहण्याची ती सवय बाकीच्यांना कशी लावावी याचा विचार करत आहे, पण त्याआधीची अडचण अशी की, अडलेल्या जोडीजवळ मी केव्हा जावे हे मला ठरवता येत नाही. लगेच गेले तर मीच सातवी पायरी होते, आणि उशिरा गेले तर तासिका संपते.

प्रतिसाद १

हात वर करण्यापूर्वी ‘आम्ही काय करून पाहिले आणि त्यावर काय झाले’ हे दोन ओळींत लिहिण्याची अट घालावी. निम्म्या जोड्यांना लिहितानाच उत्तर सापडते. उरलेल्यांकडे लगेच जावे. त्या दोन ओळी वाचल्यावर नेमके कुठे अडले आहे ते विचारावेही लागत नाही. त्या चिठ्ठ्या टाकून मात्र देऊ नका, कारण मूल्यमापनासाठी त्यांच्याइतका चांगला पुरावा मला अजून मिळालेला नाही: पहिल्या महिन्यात मुले ‘होत नाही’ असे लिहितात, आणि तिसऱ्या महिन्यात तीच मुले ‘रकाना निवडला, आलेख आला, पण तारखा उभ्या अक्षावर गेल्या’ असे लिहू लागतात.