‘लॉबीतली गाणी’ म्हणे! आधी ऐका तरी

मंद्रसप्तक
काल जुन्या इंग्रजी गाण्यांच्या धाग्यावर रोखठोक यांनी लिहिलं, “फ्रँक सिनात्रा, एला फिट्झजेराल्ड, नॅट किंग कोल, या जुन्या अमेरिकन गायकांची सगळी हॉटेलच्या लॉबीतली गाणी. स्वतः फारसं काही लिहिलं नाही, दुसऱ्यांची गुळगुळीत करून गायली. अमेरिकेत गेलेल्यांनी उगाच डोक्यावर घेतलंय.” मी न्यूजर्सीत राहते, म्हणजे टोला मलाच आहे. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

‘दुसऱ्यांची गाणी’ हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचंच नवल वाटतं. कर्न, गर्श्विन, पोर्टर या संगीतकारांची निम्मीअधिक गाणी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, संगीत नाटकांसाठी झाली. बरीच नाटकं विस्मरणात गेली, पदं उरली आणि प्रत्येक पिढीच्या गायकाने ती आपापल्या गळ्यातून काढली. संगीत नाटक कधी न पाहिलेले लोक पदांवर जीव टाकतात, तेव्हा आपण विचारतो का की बुवांनी पद स्वतः लिहिलं होतं का?

आणि गुळगुळीत? १९२७ च्या ‘शो बोट’ या नाटकातलं मिसिसिपी नदीवरचं गाणं, ‘ओल्ड मॅन रिव्हर’, सिनात्राने १९६३ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, ते ऐका. मधल्या भागाची शेवटची ओळ ‘जेल’ या शब्दावर संपते. तिथे श्वास घ्यायची हक्काची जागा आहे. तो घेत नाही. ‘जेल’वरून आवाज घसरवत तळाला नेतो आणि त्याच दमात ‘मी थकलोय’ सुरू करतो. तुरुंग आणि थकवा हे एकच वाक्य होऊन जातं. हा दम त्याने कमावलेला होता. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या डॉर्सीच्या मागे बसून तो त्याच्या कोटाची पाठ बघत असे, हा श्वास घेतो तरी कधी म्हणून. डॉर्सी ओठांच्या कोपऱ्यातून चोरून हवा घ्यायचा. ते कळल्यावर हा पठ्ठ्या पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दम धरायला लागला. आपल्याकडे याला रियाज म्हणतात.

रोखठोक
ताई, माझं अर्धंच वाक्य दिलंत. पुढे मी लिहिलं होतं की माईक नसता तर यांतला एकही तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला नसता. त्याला उत्तर नाही, म्हणून गाळलंत.

गायिका म्हणजे ब्रॉडवेची एथेल मर्मन. १९३०, ‘गर्ल क्रेझी’ हे नाटक, माईक नाही, खाली अख्खा वाद्यवृंद वाजतोय आणि बाई वरचा एक स्वर सोळा बार (तालाचे छोटे खंड) धरून उभी. बाकीचे माईकच्या कानात कुजबुजणारे. चौदा वर्षांचा असताना देवळाच्या उत्सवात मी पहिल्यांदा गायलो, तेव्हा गुरुजींनी स्वतः उठून माईकची वायर काढली होती. म्हणाले, शेवटच्या खांबाजवळच्या आजीला ऐकू गेलं तर तू गायलास. त्या आजी शेवटी मान डोलावत होत्या. मला दुसरा पुरावा नको.

साऊंडवाला
मूळ विषयातलं मला फार कळत नाही, पण माईकला नावं ठेवू नका. पुण्यात बावीस वर्षं साऊंड करतोय. माईकवर गाणं सोपं वाटणाऱ्यांनी एक दिवस माझ्या मिक्सरवर बसावं. निम्मे गायक माईक तोंडात घालतात. ‘फ’ आणि ‘भ’ आला की स्पीकर दणकतो. वरच्या स्वराला हात मागे घ्यायचा असतो, तो घेत नाहीत. मी फेडर खाली ओढला की स्टेजवरून डोळे वटारतात. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात गायक मॉनिटरसमोर (स्टेजवर गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) माईक धरून उभा राहिला, शिट्टी वाजली आणि आयोजकाने माझे अर्धे पैसे कापले. चूक त्याची, भुर्दंड मला.

या धाग्यामुळे सिनात्राचे जुने कार्यक्रम आवाज बंद करून पाहिले. नुसता हात पाहिला. स्वर वाढायच्या आधीच माईक लांब जातो, हळू ओळीला परत जवळ येतो. माझ्यासारख्याला त्या माणसापुढे काही कामच उरलं नसतं.

रोखठोक
म्हणजे हात चांगला चालतो. गळ्याचं बोला.

मंद्रसप्तक
गळ्याचंच बोलते. जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या आवाजाचा पल्ला सप्तकाच्या फार पुढे जात नव्हता, आवाज लहान. तुमच्या शेवटच्या खांबापर्यंत ती कधीच पोचली नसती. तरी एखाद्या ओळीत ती तालाच्या किंचित मागे रेंगाळते तेव्हा पोटात खड्डा पडतो. माईक नसता तर ही बाई आपल्याला मिळालीच नसती. चालेल तुम्हाला?

रोखठोक
चालेल. जी गेली नसती ऐकू, तिची उणीव कुणाला भासली असती?

निशिगंधा
हे वाक्य वाचून अंगावर काटा आला. उणीव कुणाला भासली असती! तुम्हाला माहीत आहे ना, १९४७ मध्ये शिक्षा झाल्यावर बिलीचं कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबांत गायचा परवाना, गेलं आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गायची बंदी आली? त्या बाईला ऐकू न येऊ देण्याचे प्रयत्न आधीच भरपूर झाले होते, तुमची भर नको. आणि ज्याला गुळगुळीत म्हणता त्या नॅट किंग कोलवर एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये गोऱ्यांनी स्टेजवर चढून हल्ला केला. त्याच वर्षी त्याचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि राष्ट्रीय प्रायोजक न मिळाल्याने पुढच्या वर्षी बंद पडला. इतकं सोसून तो आवाज तसा मऊ राहिला. त्या मऊपणाला लॉबी म्हणू नका.

रोखठोक
हाल झाले हे वाईटच, पण हाल झाले म्हणून गाणं मोठं होत नाही. हा भावनिक दबाव आहे. माईकच्या मुद्द्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

मंद्रसप्तक
सगळ्यांनी लावला, तुम्ही वाचत नाही आहात! तुम्हाला गाणं ऐकायचंच नाही, खांब मोजायचेत.

बरं, बिनमाईकचा गळा हवा ना? मिसिसिपीचं तेच गाणं कृष्णवर्णीय अमेरिकन गायक पॉल रॉब्सनचं ऐका. नुसता आवाज ऐकू नका, शब्द ऐका. मूळ ओळीत माणूस जगायला कंटाळलाय आणि मरायला घाबरतोय. रॉब्सनने ती बदलली, ‘मरेपर्यंत लढत राहीन’ अशी केली. गाणं संगीतकार कर्न आणि गीतकार हॅमरस्टाइनचं, ‘दुसऱ्याचं’, पण त्या बदलानंतर ते कुणाचं? भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना रॉब्सनला भेटले आणि त्या नदीवरून त्यांची ब्रह्मपुत्रा आली. हिंदीत तीच ‘गंगा बहती हो क्यों’ झाली. ती तुम्ही ऐकली असणारच.

रोखठोक
गंगा कॉलेजात असताना रडत ऐकली आहे. ती या गाण्यावरून आली हे माहीत नव्हतं. ठीक, हे एक गाणं लॉबीतलं नाही, मानलं. पण ते श्रेय रॉब्सनचं आणि हजारिकांचं, सिनात्राच्या खात्यावर जमा करू नका. आणि रॉब्सनला माईक लागत नव्हता.

मडगांवकार
दोन दिवस वाचतोय. ‘लॉबीतली गाणी’ तुम्ही सगळेच शिवीसारखं वापरताय, बाजू घेणारेसुद्धा. माझे शापाय, म्हणजे आजोबा, लॉबीत वाजवायचे.

गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकले, मुंबईला आले, धोबीतलावला गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, खाट मिळाली. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, रात्री एका मोठ्या हॉटेलात ट्रम्पेट. पाहुण्यांच्या दारातून आत जायची परवानगी नव्हती, सूट-टाय घालून स्वयंपाकघराच्या दारातून जायचे. लोक जेवत असायचे, कुणी मान वर करत नसे. तरी रोज दुपारी ते तासभर वाजवून बघायचे.

त्यांची हाताने उतरवलेली वही माझ्याकडे आहे. ट्रम्पेटला शब्द लागत नाहीत, तरी त्यांनी स्वरांखाली पेन्सिलीने इंग्रजी शब्द लिहिलेत. श्वासाची खूण स्वल्पविरामासारखी असते. मिसिसिपीच्या पानावर मधल्या भागाच्या शेवटी ती खूण होती, नंतर खोडलीय. कागद तिथे विरलाय, एकापेक्षा जास्त वेळा खोडली असणार. ताईंचं ‘जेल’ वाचून आज वही काढली, जागा तीच आहे. ही गंमत त्यांनी रेकॉर्डवर ऐकली की स्वतः शोधली, कळायला मार्ग नाही. माझ्या मते त्यांना ती ओळ तोडायची नव्हती.

साऊंडवाला
ट्रम्पेटवर तेवढा दम? ओठ फुटतात हो.

मडगांवकार
फुटायचे. उशाशी खोबरेल तेलाची बाटली असायची.

रोखठोक
मर्मनबद्दल मागे हटणार नाही. लॉबी हा शब्द मागे घेतो, तुमच्या आजोबांसाठी, बाकी कुणासाठी नाही. त्या पानाचा फोटो टाकाल का?

मडगांवकार
वही उघडी धरली की शिवण सुटते. रविवारी भाऊ येईल, तो धरेल, मी काढतो.