फ्रेजल व्हर्ब लिखाणातून हद्दपारच करायचे का?

खडूफळा: परवा इथे कुणीतरी ठणकावलं, 'औपचारिक इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब नकोतच. कॅरी आउट खोडा, कंडक्ट लिहा.' (फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला आउट, ऑफ, अप असा छोटा शब्द लागून झालेली जोडी.) राहवलं नाही म्हणून लिहितोय. शोधनिबंधांत 'कॅरी आउट' सर्रास चालतं. या धाकानं मुलं जिथेतिथे जडजड क्रियापदं कोंबतात आणि 'टर्न ऑफ इट' लिहितात ते तसंच राहतं! 'टर्न ऑफ'सारख्या जोडीत नाम मधे किंवा नंतर, कुठेही चालेल. सर्वनाम मधेच हवं, 'टर्न इट ऑफ'. हे शिकवा की.

मुद्रितशोधक: ती पोस्ट माझी, आणि मी ठाम आहे. आमच्या ऑफिसात एकानं 'मीटिंग कॉल्ड ऑफ' अशी मेल टाकली. बैठक रद्द नव्हती, तासभर पुढे गेली होती. त्याला 'पुट ऑफ' म्हणायचं होतं. निम्मे लोक फिरकलेच नाहीत. सरळ 'पोस्टपोन्ड' लिहायला काय झालं होतं?

खडूफळा: त्याला अर्थ माहीत नव्हता, त्यात फ्रेजल व्हर्बचा काय दोष?

कोडकरी: तुमचं चालू द्या, पण 'लॉगइन टू युवर अकाउंट' बघून माझं डोकं उठतं. नाम जोडून, क्रियापद तोडून: लॉग इन. बॅकअप, सेटअपचंही तेच. भूतकाळ करून बघा, 'लॉग्ड इन'च होतो ना?

सहजच: बटणावर जोडून लिहिलं तरी कळतंच की. भाषा बदलते.

कोडकरी: कळतं म्हणून काहीही खपवायचं? मॅन्युअलमध्ये एकाच पानावर 'बॅकअप द डेटा' आणि 'बॅक अप द डेटा' दोन्ही दिसतात. वाचणाऱ्यानं काय समजायचं?

मुद्रितशोधक: ही घाण तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनीच केलीय.

कोडकरी: मी तुमच्याच बाजूनं बोलतोय, आणि मलाच झोडपताय?

सहजच: मुळात हे फ्रेजल व्हर्ब म्हणजे हल्लीची बोलीभाषा. लिखाणात एवढा कीस कशाला?

खडूफळा: हल्लीची? 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव लेखक लोगन पिअरसॉल स्मिथनं १९२५ साली रूढ केलं, श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडलीला देऊन. क्रियापदं तर त्याच्या कित्येक शतकं आधीची. 'गिव्ह अप' काय काल आलं?

मुद्रितशोधक: बरं बाबा, 'कॅरी आउट' नाही खोडत. 'कोप अप विथ' मात्र खोडणारच. 'कोप विथ' पुरे, तिथे 'अप'चं काही काम नाही.

खडूफळा: खोडाच. पण नुसती लाल रेघ मारू नका, शेजारी कारणही लिहा.