शेजारच्या घरची शाळा

इथे वर एका ताईंनी म्हटलंय की अमेरिकेत शाळेत न जाता घरीच शिकणारी ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं दिवसभर घरात कोंडून नुसतं बायबल पाठ करतात. आम्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो, शेजारीच असं पाच मुलांचं कुटुंब आहे. बायबल आहेच, नाश्त्यानंतर अर्धा तास, प्रार्थनेसकट. मग बशा उचलल्या की त्याच टेबलावर गणित. एकदा सकाळी गेले तर धाकटा पिठाच्या हातांनी पाऊण कपात किती पाव कप बसतात ते मोजत होता, आई पावाचं पीठ मळत होती.

आणि हे मोकाट नाही हो. इथल्या कायद्यानुसार वर्षाला 180 दिवस किंवा ठरलेले तास भरावे लागतात, वर्षअखेरीला मूल्यमापक मुलांशी बोलतो, वह्या बघतो. टेक्सस राज्यात यातलं जवळजवळ काहीच नाही, तेव्हा सरसकट 'अमेरिकेत असं असतं' म्हणू नका.

मला खटकतं ते वेगळंच. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात बायबलप्रमाणे देवाने जग सहा दिवसांत उरकलंय. शिवाय आईची दमणूक! शुक्रवारी चार-पाच घरं मिळून वर्ग घेतात. मुलांना तिथे सोडलं की ती बाहेर गाडीतच डोळे मिटून बसते.